निळा राक्षस बरोबर वागला का?

मित्राचे भले व्हावे म्हणून त्याला न सांगता त्याच्या आयुष्यातून कायमचे निघून जाणे, याला मैत्री म्हणावे का? जपानमधल्या मुलांपुढे हा प्रश्न फार लवकर येतो, आणि तो आणते एक चित्रांची गोष्ट. हामादा हिरोसुके यांनी ‘नाइता आका ओनी’, म्हणजे ‘रडलेला लाल राक्षस’, लिहिली १९३३ च्या सुमारास. तेव्हापासून कितीतरी चित्रकारांनी ती रंगवली, २०११ साली तिच्यावर बेतलेला अ‍ॅनिमेशनपट निघाला आणि आज ती तिथल्या शाळेच्या पुस्तकांतही आहे. गोष्ट हुरहूर लावते, याबद्दल कोणाचे दुमत नाही. मात्र ती मुलांना कोणत्या वयात द्यावी, देताना काय सांगावे आणि मुळात तिच्यातला त्याग आदर्श मानावा का, याबद्दल दोन मते होतात. दोन्ही मतांना वजन आहे.

आधी गोष्ट. डोंगरात एक लाल राक्षस राहतो. जपानी लोककथांतले हे ओनी आपल्याकडच्या राक्षसांइतकेच बदनाम: डोक्यावर शिंगे, कमरेला वाघाचे कातडे, हातात लोखंडी सोटा. या लाल राक्षसाला मात्र माणसांशी मैत्री करायची आहे. आपण सालस आहोत, कोणीही यावे, चहा-खाऊ तयार आहे, अशा अर्थाची पाटी तो घराबाहेर लावतो. दोन लाकूडतोडे ती वाचतात, आत डोकावतात, आणि हा आपल्याला खाण्याचाच डाव असणार अशी शंका येऊन पळ काढतात. संतापाच्या भरात लाल राक्षस स्वतःची पाटी मोडून टाकतो. तेवढ्यात त्याचा दोस्त, निळा राक्षस, येतो आणि युक्ती सुचवतो. मी गावात धुमाकूळ घालतो, तू धावत ये आणि मला बडव, म्हणजे लोकांची तुझ्याबद्दल खात्री पटेल. लाल राक्षस कचरतो. निळा त्याचा हात धरून त्याला ओढत नेतो. एका म्हातारा-म्हातारीच्या घरात भांडी फुटतात, खोटी मारामारी होते, तीत निळ्याचे कपाळ खांबावर खरोखरच आपटते, आणि तो पळून जातो. डाव साधतो. लाल राक्षसाकडे चहाला गावकऱ्यांची रीघ लागते.

पण निळा पुन्हा फिरकत नाही. लाल राक्षसाला काळजी वाटू लागते. तो डोंगर ओलांडून मित्राच्या घरी जातो, तर दार बंद आणि दारावर मजकूर. आपण भेटत राहिलो तर माणसांना तुझा संशय येईल, म्हणून मी लांबच्या प्रवासाला निघालो आहे, तब्येतीला जप, मी सदैव तुझा मित्र आहे, असा त्याचा आशय. लाल राक्षस तो पुन्हा पुन्हा वाचतो, दाराला तोंड टेकतो आणि रडतो. गोष्ट तिथे संपते.

हामादा यांचा जन्म १८९३ चा, ईशान्य जपानमधल्या यामागाता प्रांतातला. आज ताकाहाता या त्यांच्या गावी त्यांचे स्मारक-संग्रहालय आहे. ही गोष्ट लिहिताना त्यांनी कोणाची बाजू घेतली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या सेत्सुबुन या सणाला जपानी घरांत भाजलेले सोयाबीन फेकत ‘राक्षस बाहेर, सुख आत’ असा गजर होतो. तिथल्या सर्वांत लोकप्रिय बालकथेचा नायक मोमोतारो बेटावर जाऊन राक्षसांचे पारिपत्य करतो आणि त्यांची संपत्ती घेऊन परततो. हाच मोमोतारो दुसऱ्या महायुद्धात प्रचारपटांचा वीर झाला. ज्या संस्कृतीत राक्षसाला बाहेर घालवणे हा दरवर्षीचा खेळ आहे, तिथे हामादांनी राक्षसाला आतल्या बाजूने बघितले. ही नजर अजून जिवंत आहे. २०१३ साली जपानी वृत्तपत्र संघटनेच्या जाहिरात स्पर्धेत पहिल्या आलेल्या जाहिरातीत एक छोटा राक्षस सांगतो की माझ्या बाबांना मोमोतारो नावाच्या कोणीतरी मारले. वाचणारा चपापतो, कारण तोवर त्या मुलाचा विचार कोणी केलेलाच नसतो.

म्हणजे गोष्टीमागचा हेतू चांगला आहे. तरीही तिच्यावर तीन गंभीर आक्षेप घेता येतात, आणि ते भाबडेपणाने उडवून लावता येत नाहीत.

पहिला आक्षेप फसवणुकीचा. लाल राक्षसाला मिळालेली मैत्री नाटकावर उभी आहे. गावकऱ्यांनी त्याला ओळखले म्हणून ते आले, असे झालेले नाही. त्यांनी एक बनावट मारामारी पाहिली. त्यातही त्यांना पटले ते काय? हा राक्षस दुसऱ्या राक्षसाला मारतो, म्हणून हा आपला. पूर्वग्रह तसाच राहिला, उलट पक्का झाला. एक राक्षस अपवाद ठरला आणि बाकीचे राक्षस वाईटच, यावर गावाचे शिक्कामोर्तब झाले. चांगुलपणाची पाटी लावून जे साधले नाही, ते आपल्याच माणसाला चारचौघांत बडवून साधले. समाजाने स्वीकारावे म्हणून स्वतःच्या माणसांपासून अंतर राखावे लागणे ही किंमत मराठी वाचकाला परकी नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ च्या संग्रहाने आपल्याला अशाच किमतीसमोर उभे केले होते, आणि तिथे चूक कोणाची याबद्दल संदिग्धता ठेवली नव्हती. हामादांच्या गोष्टीत गावाला कोणी जाब विचारत नाही. गावकरी चहा पितात, खाऊ खातात, घरी जातात. आपल्या संशयामुळे कोणीतरी देशोधडीला लागला, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

दुसरा आक्षेप त्यागाच्या गौरवाचा. युक्ती समजावताना निळा राक्षस मित्राला सांगतो की काही मोलाचे साधायचे तर कुठेतरी कोणाला तरी सोसावे लागते, कोणीतरी बळी गेल्याशिवाय काम होत नाही. हे वाक्य मुलांसाठी लिहिले गेले त्याच काळात, मार्च १९३३ मध्ये, जपानने राष्ट्रसंघातून बाहेर पडण्याची घोषणा केली. पुढच्या बारा वर्षांत त्या देशाने आपल्या तरुणांना जे शिकवले, त्यात ‘कोणीतरी बळी जायला हवे’ हे तत्त्व केंद्रस्थानी होते. हामादांनी प्रचार लिहिला, असा याचा अर्थ नाही. गोष्टीचा सूर तसा नाही. पण गोष्टी काळाच्या हवेत ऐकल्या जातात, आणि त्या हवेत हे वाक्य सहज पचणारे होते.

या आक्षेपाला एक विलक्षण जोड चित्रकाराच्या चरित्रातून मिळते. या गोष्टीच्या सर्वाधिक परिचित चित्रमय आवृत्त्यांपैकी एक १९६५ साली काइसेइशा प्रकाशनाने काढली. तिची चित्रे तात्सुओ इकेदा यांची. १९२८ साली जन्मलेले इकेदा पंधराव्या वर्षी नौदलाच्या हवाई दलात दाखल झाले. विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळायचे, अशा आत्मघाती तुकडीत त्यांचे प्रशिक्षण चालू होते. युद्ध संपले म्हणून ते वाचले. शिक्षक व्हायला गेले, तर माजी सैनिक म्हणून ती वाट बंद झाली. मग ते चित्रकार झाले आणि १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करी तळांविरुद्धच्या लढ्याची चित्रे काढणाऱ्या नवचित्रकारांत त्यांचे नाव झाले. ज्याला कोवळ्या वयात ‘कोणीतरी बळी जायला हवे’ हे सांगितले गेले होते, आणि तो कोणीतरी तूच, हेही सांगितले गेले होते, त्याच्या हाती वीस वर्षांनी निळ्या राक्षसाची गोष्ट आली. तिच्याकडे त्यांनी कसे पाहिले असेल, याचे तर्क लढवण्यात अर्थ नाही. पण त्यांनी ती रंगवली, एवढी गोष्टही त्याग म्हणजे केवळ गौरवाचा विषय मानणाऱ्याला थांबून विचार करायला लावणारी आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. निळ्याने विचारले नाही. मारामारीचा बेत निदान दोघांच्या बोलण्यातून ठरला. लाल राक्षस नाखूश होता, पण त्याला माहीत तरी होते. निघून जाण्याचा निर्णय मात्र निळ्याने एकट्याने घेतला. गाव आणि मित्र यांतले एक निवडायची वेळ आली असती तर लाल राक्षसाने काय निवडले असते? कदाचित त्याने गावकऱ्यांना खरे सांगून टाकले असते. कदाचित नसतेही. पण निवडण्याचा हक्क त्याचा होता, आणि तो मित्राने प्रेमापोटी काढून घेतला. वर त्याच्या डोक्यावर न फिटणारे ऋण ठेवले. आपल्या घराघरांत हा प्रकार चालतो. मुलांसाठी, धाकट्या भावासाठी, नवऱ्यासाठी कोणीतरी मुकाट्याने सोडून देतो, आणि ज्याच्यासाठी सोडले त्याला ते फार उशिरा कळते. आपण त्याला थोर म्हणतो. ज्याच्यासाठी सोडले त्याला तो थोरपणा हवा होता का, हे आपण विचारत नाही.

आता दुसरी बाजू. हे तिन्ही आक्षेप खरे असतील, तर गोष्ट टाकूनच द्यायला हवी होती. ती टाकवत नाही, याचे कारण तिच्या रचनेत आहे.

एक तर हामादांनी गोष्टीच्या नावात रडणाऱ्याला ठेवले, जाणाऱ्याला नाही. त्यागाची पोथी लिहायची असती तर शेवट निळ्याच्या पाठमोऱ्या, धीरोदात्त चालीवर झाला असता. इथे निळा कधी गेला, कसा गेला, जाताना त्याला काय वाटले, यातले काहीच दाखवलेले नाही. आपण उरतो बंद दारापाशी, ज्याला सगळे मिळाले आणि ज्याचे सगळे गेले त्याच्यासोबत. त्याने मागितलेली गोष्ट त्याला मिळाली आहे आणि तरी तो रडतो आहे. त्यागामुळे सगळ्यांचे भले होते, असे सांगणारी गोष्ट असा शेवट करणार नाही.

दुसरे, लाल राक्षसाला लेखकाने निर्दोष ठेवलेले नाही, आणि हे तो फार हळुवारपणे दाखवतो. गोष्टीत तीन लिखाणे आहेत. पहिली पाटी आपल्या चांगुलपणाची, जी त्याने स्वतःच मोडली. तिसरी निळ्याच्या दारावरची. मधली वाचकाच्या नजरेतून निसटते. मित्राच्या घरी निघताना लाल राक्षस गावकऱ्यांसाठी दारावर सूचना लावून जातो, की आज मी घरी नाही, उद्या असेन. ज्या मित्राने त्याच्यासाठी मार खाल्ला त्याच्याकडे इतक्या दिवसांनी जाताना त्याचा एक डोळा गावाच्या मर्जीवर आहे. पाहुण्यांचा हिरमोड होऊ नये, ही त्याची धास्ती अजून गेलेली नाही. त्या सूचनेत खोटे काहीच नाही, वाईट काहीच नाही. पण तिच्यामुळे कळते की निळ्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. ज्याला स्वीकार मिळालेला असतो तो तो स्वीकार जपत राहतो, आणि त्या जपण्यात जुनी माणसे मागे पडतात. शाळा बदललेल्या, नव्या कंपूत सामील झालेल्या प्रत्येक मुलाने हे केलेले असते किंवा सोसलेले असते. मुलांच्या मैत्र्या तुटतात त्या बहुधा भांडणाने नाहीत. एक जण दुसऱ्या वर्तुळात जातो आणि उरलेला समजूतदारपणे बाजूला होतो. या साध्या, बोचऱ्या अनुभवाला बालसाहित्यात फारशी जागा मिळत नाही.

आपल्या परंपरेतही मैत्री तुटण्याच्या कथा आहेत. पंचतंत्राचे पहिले तंत्रच मित्रभेदाचे: पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्यात दमनक कोल्हा फूट पाडतो आणि बैलाचा जीव जातो. तिथे दोष कोणाचा हे लख्ख आहे, म्हणून धडाही सोपा आहे: चहाडखोरापासून सावध राहा. हामादांच्या गोष्टीत चहाडखोर नाही, दुष्ट नाही, कोणाचाही वाईट हेतू नाही. तरी मित्र दुरावतात. ही स्थिती पंचतंत्रातल्या स्थितीपेक्षा आयुष्यात जास्त वेळा येते, आणि तिच्यासाठी तयार धडा नसतो.

इथे हामादांचीच आणखी एक गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. ‘ड्रॅगनच्या डोळ्यांतले आसू’ ही त्यांची गोष्ट त्याआधीच्या दशकातली. तिथेही सगळे ज्याला घाबरतात असा ड्रॅगन आहे. पण तिथे एक लहान मुलगा त्याला आपल्या वाढदिवसाचे बोलावणे करायला स्वतः डोंगरात जातो. आजवर आपल्याशी कोणी मायेने बोलले नाही म्हणून ड्रॅगनला रडू कोसळते, त्या आसवांची नदी होते आणि तो मुलांना घेऊन जाणारी नाव बनतो. म्हणजे पूर्वग्रह तोडण्याचा सरळ मार्ग या लेखकाला ठाऊक होता: माणसाने पुढे व्हावे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की लाल राक्षसाच्या गोष्टीत काय हरवले आहे ते दिसते. गावात तो मुलगा नाही. एका माणसाने आधी येऊन चहा घेतला असता तर भांडी फुटली नसती आणि निळ्याला जावे लागले नसते. वरचा पहिला आक्षेप, गावाला कोणी जाब विचारत नाही हा, इथे थोडा सौम्य होतो. मोठ्याने नसला तरी जाब गोष्टीत आहे. तो विचारण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडले आहे.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र गोष्टीत पुरेसे उत्तर सापडत नाही. ते समजायला दुसरी एक ताटातूट उपयोगी पडते, जी मराठी मुलांना टीव्हीमुळे घरची झाली आहे. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९७४ च्या मार्चमध्ये मुलांच्या एका मासिकात डोरेमॉन आणि नोबिता यांच्या निरोपाचे प्रकरण लिहिले. डोरेमॉनला भविष्यकाळात परत जायचे आहे. आपल्याशिवाय नोबिताचे कसे होणार, ही त्याची चिंता. ती मिटावी म्हणून नोबिता त्या रात्री दांडगट जियानशी एकट्याने भिडतो, मार खातो, पण हटत नाही, आणि अखेर जियानच माघार घेतो. डोरेमॉन ते पाहतो आणि निश्चिंत मनाने निघून जातो. इथेही मार खाणे आहे, जाणे आहे, मित्राचे भले आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की नोबिताला जाणे आधी माहीत आहे आणि मार त्याने स्वतः खाल्ला आहे. निरोपाने तो कोणाचा ऋणी होत नाही, सक्षम होतो. पुढच्याच महिन्यात फुजिओंनी डोरेमॉनला परत आणले; वाचकांना ते हवेच होते. तरीही त्या निरोपाची धार गेलेली नाही, कारण तो दोघांनी मिळून घेतला होता. या कसोटीवर निळा राक्षस कमी पडतो, हे मान्य करायला हवे.

राहता राहिला दुःखाचा प्रश्न. एवढ्या लहान मुलांना रडवावे का? मराठी घराला हा प्रश्न नवा नाही. योगायोगाने साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली तीही १९३३ सालीच, फेब्रुवारीत, आणि मुलांना इतके रडवावे का, हा वाद त्या पुस्तकाभोवती पिढ्यान् पिढ्या चालला आहे. वाद संपला नाही, पुस्तकही संपले नाही. जपानचेच उदाहरण हवे तर ‘तोत्तोचान’ आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादातून ते मराठी मुलांच्या हाती आले. त्यात पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान झाडावर चढवते आणि पुढे त्याच्या मृत्यूला सामोरी जाते. चिहिरो इवासाकी यांच्या हळव्या चित्रांसह ते प्रकरण वाचून मुले मोडून पडल्याचे काही दिसत नाही. ती पान उलटून पुढे वाचतात. दुःख मुलांना झेपते. त्यांना झेपत नाही ते दुःखानंतर मोठ्यांनी काढलेले भाषण.

वयाचा मुद्दा मात्र खरा आहे, पण कारण वेगळे आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली मुलांच्या नैतिक निर्णयांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाच्या हातून नकळत पंधरा कप फुटतात. दुसरा चोरून मुरंबा काढताना एक कप फोडतो. जास्त वाईट कोण? लहान मुले बहुधा पंधरा कपांकडे बोट दाखवत, मोठी मुले हेतूकडे. निळा राक्षस म्हाताऱ्याच्या घरात भांडी फोडतो. चार वर्षांच्या मुलाला तिथे फुटलेली भांडीच दिसण्याची शक्यता जास्त, आणि शेवटी निळा जातो तेव्हा ती शिक्षा झाली असेच वाटेल. हेतू आणि परिणाम वेगळे करता येऊ लागले की मगच ही गोष्ट उलगडते. म्हणून दुसरी-तिसरीच्या आसपासचे वय तिला योग्य. त्याआधी वाचायची तर चित्रे पाहत, रेंगाळत वाचावी. दोन रंगांचे दोन राक्षस आणि शेवटी त्यांतला एकच उरलेला, एवढे चित्र मुलाला शब्दांआधी कळते. चित्रांच्या पुस्तकाची ही ताकद आहे: विरह समजावून सांगावा लागत नाही, एक रंग पानावर नसतो.

गोष्टीला खरा धोका आहे तो तिला धडा करण्यात. जपानमध्ये १९५८ पासून शाळांत नीतिशिक्षणाचा तास आहे. २०१८ पासून प्राथमिक शाळांत त्याला विशेष विषयाचा दर्जा मिळाला, मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तके आली आणि मूल्यमापनही आले. गुण देत नाहीत, शिक्षक वर्णनात्मक शेरा लिहितात. लाल राक्षसाची गोष्ट अशा पुस्तकांत मैत्री आणि विश्वास या मूल्यांसाठी येते. याच्या बाजूने बोलण्यासारखे आहे. शाळेत आल्यामुळे ज्या घरांत पुस्तके नाहीत तिथल्या मुलांपर्यंतही ती पोचते, आणि चांगला शिक्षक असेल तर चाळीस डोकी मिळून तिच्यावर भांडतात, जे एकट्या आई-बापाला जमणार नाही. पण शेरा लिहिला जाणार हे कळले की मूल शिक्षकाला आवडणारे उत्तर देते. ते उत्तर ठरलेले आहे: निळा राक्षस खरा मित्र होता. ‘निळ्याने चूक केली’ किंवा ‘गावकरीच वाईट होते’ असे म्हणणाऱ्या मुलाने गोष्ट जास्त नीट वाचलेली असू शकते. त्याच्या उत्तराला मूल्याच्या चौकटीत जागा मिळेल का, हा प्रश्न आहे.

आपण याबाबत जपानला नावे ठेवण्याच्या स्थितीत नाही. इसापनीतीपासून मूल्यशिक्षणाच्या तासापर्यंत आपलीही सवय एकच: गोष्ट संपली की खाली तात्पर्य. ससा-कासवाला ते चालते, कारण ती गोष्ट तात्पर्यासाठीच रचलेली असते. मैत्रीच्या ताटातुटीला चालत नाही. लाल राक्षसाच्या गोष्टीखाली ‘खरा मित्र त्याग करतो’ असे लिहिले, की वरचे तिन्ही आक्षेप एकदम खरे ठरतात. ती फसवणुकीला पावन करते, बळी जाण्याचा गौरव करते आणि न विचारता सोडून जाण्याला प्रेमाचे सर्वोच्च रूप ठरवते. तेच वाक्य काढून टाकले की त्याच तीन गोष्टी मुलांसमोर प्रश्न म्हणून उभ्या राहतात. पुस्तक तेच, चित्रे तीच. बदलतो तो मोठ्या माणसाने मारलेला शिक्का.

म्हणून या लेखापुरता कौल असा. गोष्ट मुलांना जरूर द्यावी. आपल्या बालसाहित्यात मैत्रीच्या शपथा भरपूर आहेत, मैत्रीचा हिशेब मांडणाऱ्या गोष्टी थोड्या. जपानीचा अभ्यास महाराष्ट्रात चांगला रुजला असताना ही गोष्ट सुंदर चित्रांसह मराठीत घरोघर असायला हरकत नाही. तिचा शेवट गोड करू नये. निळ्याला परत आणून दोघांना गावात नाचवणारी आवृत्ती मुलांना क्षणभर हसवेल, पण निर्णयाचे परिणाम भोगावे लागतात, ही गोष्टीची एकमेव कठोर आणि प्रामाणिक बाजू त्यात जाईल. त्याच वेळी निळ्याचे उदाहरण म्हणून गुणगान करू नये. त्याचे प्रेम खरे होते आणि त्याची पद्धत चुकीची होती, ही दोन्ही विधाने एका वेळी खरी असू शकतात, आणि आठ वर्षांचे मूल ती दोन्ही मनात धरू शकते. मोठ्यांनाच त्यांतले एक निवडायची घाई असते.

वाचून झाल्यावर विचारायचेच असेल तर रडणाऱ्या राक्षसाला काय वाटले, हे विचारू नये. ते चित्रात दिसतेच आहे. विचारावे ते असे: तू लाल राक्षस असतास तर दुसऱ्या दिवशी चहाला आलेल्या गावकऱ्यांना काय सांगितले असतेस? मुलांचे इथे एकमत होत नाही, आणि होऊही नये. कोणी खरे सांगून टाकील आणि गाव गमावण्याची तयारी ठेवील. कोणी म्हणेल, खरे सांगितले तर निळ्याचा त्याग वाया जाईल. कोणी निळ्याला शोधायला निघेल. यातले प्रत्येक उत्तर मित्राबद्दलच्या एका वेगळ्या समजुतीतून येते, आणि पुढे खरोखरच कोणी मित्र दुरावेल तेव्हा मुलाला उपयोगी पडेल ती हीच समजूत. तेवढा वेळ शिक्षकाने आणि पालकाने गप्प बसावे, आणि मुलाचे उत्तर आपल्याला पटले नाही तरी ते पूर्ण ऐकून घ्यावे.